गोठू न देता

उलांगोमहून निघताना बजावलं होतं:
उन्हाने नव्हे, आपल्याकडे ही थंडीनेच मरते.
एकदा गोठली की कामातून गेली.
म्हणून लशीची पेटी जीपच्या मागे टाकली नाही,
देलच्या आत घेतली, कमरपट्टा आवळला,
आणि बाहेर उणे अडतीस असताना
सहा तास
तेवीस कुप्या पोटाशी धरून बसले.
गानबोल्डने स्टिअरिंगवरून विचारलं, कितवा महिना?
म्हटलं, रस्ता बघ.

दवाखाना म्हणजे अकरा खाटा,
कोळशाची एक खोकणारी भट्टी
आणि भिंतीवर यादी.
यादीत तेवीस नावं, शिक्क्यासकट.
परिचारिका, सुईण, प्रयोगशाळेतला पोरगा,
हिशेबनीससुद्धा,
ज्याला रक्त पाहिलं की घेरी येते.

एकेक कुपी हलवून मी उजेडात धरते.
पातळ दुधासारखं, सगळीकडे सारखं, तर ठीक.
तळाशी साका धरला तर समजायचं,
वाटेत कुठेतरी आपण कमी पडलो.
नाही धरला.
मग चार-चार थर सोलून
एकेक दंड बाहेर येतो,
उन्हाळ्यापासून कुणी न पाहिलेला,
पांढराफटक, लाजरा.

डॉक्टर दामदिनजाव सगळ्यात शेवटी आले.
आधी बोटातून थेंब, तो पट्टीवर,
मग पंधरा मिनिटं थांबायचं.
तेवढ्यात त्यांनी मेंढ्यांचे भाव सांगितले,
लेकीचं लग्न सांगितलं.
पट्टीवर दोन रेघा उठल्या.
ते बघत राहिले, जसं कुणी बघावं
परक्या कळपातल्या घोड्यावर
आपल्या घरचा डाग.

"काचेच्या सिरिंजा उकळायचो आम्ही," म्हणाले.
"बाहेर रांग. आत एकच शेगडी.
कधी पाण्याला बुडबुडे यायचे, उकळी नाही.
मग मी कितीजणांना..."
ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
मीही नाही.
बाही खाली केली, बटण लावलं.
"चाळीस वर्षं उशिरा आलीस पोरी.
रस्ता फारच खराब असणार."

उरली एक कुपी.
उरलेली परत आणावी, असा नियम आहे.

मागच्या अंगणात त्सेरमा चादरी काढत होती.
दोरीवर कपडे इथे वाळत नाहीत,
आधी लाकूड होतात.
ती एकेक चादर दारासारखी काखेत धरून आत आणते,
चुलीशी टेकवून उभी करते,
मऊ व्हायची वाट बघते.
खिडकीत तिची लोणच्याची रिकामी बरणी.
बरणीत सुया,
अभ्र्यांतून, चादरींच्या घड्यांतून निघालेल्या.
या हिवाळ्यातल्या सात.
"चार डोळ्यांनी सापडल्या," ती म्हणाली,
"तीन बोटांनी."

मी यादी पुन्हा वाचली,
जशी काही वाचल्याने तीत कुणी उगवणार होतं.
ती रोजंदारीवर.
रोजंदारीला शिक्का नसतो.

डॉक्टरांनी पेन मागितलं.
स्वतःचं नाव एका सरळ रेघेने खोडलं,
वर तिचं लिहिलं.
हुद्द्याच्या रकान्याशी पेन बराच वेळ अडलं.
मग लिहिलं: सुया शोधते.

पुन्हा थेंब, पुन्हा पट्टी, पुन्हा पंधरा मिनिटं.
यावेळी कुणी मेंढ्यांबद्दल बोललं नाही.
त्सेरमाला बसणं जमेना, तिने टॉवेल घड्या केले.
एकच रेघ.
दुसरी उगवते का म्हणून
मी आणखी पाच मिनिटं तशीच.
नाही उगवली.

तिचा दंड माझ्या मांडीएवढा होता.
सुई गेली तेव्हा तिने सुईकडेच पाहिलं,
ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

"आज एक," मी सांगितलं, "महिन्याने दुसरी,
तिसरी सहा महिन्यांनी."
"तेव्हा मी वर कुरणावर. दूध काढायचे दिवस."
"मी येईन."
"दोन तळी ओलांड. तिसऱ्याला वळसा.
आणि लांबूनच हाक दे, कुत्रा धरा म्हणून."
तिसऱ्या मात्रेच्या रकान्यात, तारखेशेजारी,
मी तेही टिपून घेतलं: कुत्रा धरा.

परतताना पेटी रिकामी.
तरी ती देलच्या आतच ठेवली.
गानबोल्डने पाहिलं,
यावेळी काही विचारलं नाही.